अकराला पंधरा

६ ऑक्टोबर

कौमुदी म्हणाली, बाबांच्या बाबतीत जे जे खटकतं ते तारखेनिशी लिहून ठेव. डॉक्टरांपुढे बसलं की ऐनवेळी काही आठवत नाही. तिच्या आईच्या वेळी तसंच झालं होतं. विसरभोळेपणा म्हणता म्हणता तीन वर्षं हातची गेली. म्हणून ही वही.

बाबा (वसंतराव, वय ७६) आई गेल्यापासून, म्हणजे सहा वर्षं, चेन्नईत अण्णा नगरच्या घरी एकटे राहतात. आम्ही दोघं नवरा-बायको शहराच्या दुसऱ्या टोकाला, शोळिंगनल्लूरला, ऑफिसच्या जवळ. रविवारी जाऊन येतो. आजवर काळजी वाटावी असं काही नव्हतं.

खटकलेलं:

१. परवा टी. नगरच्या बाजारात बसने गेले. सणाच्या गर्दीत. चार तासांनी आले. काय आणलं विचारलं तर, "काही नाही, सहज गेलो होतो." टी. नगरला दिवाळीच्या तोंडावर सहज कोण जातं?

२. बोलणं. फोनवर म्हणाले, "जेवण जालें, आतां पडतों." 'झालं' नाही, 'जालें'. मला वाटलं लाइन खराब आहे. मग आणखी एकदा, "मज ठाऊक नाही." मज! बाबा मूळचे वाईचे, असलं कधी बोलत नाहीत. कौमुदी म्हणते उच्चारांवरून बरंच कळतं.

१३ ऑक्टोबर

आज बाबांच्या टेबलावर आलेखाच्या वह्या पसरलेल्या. चौकोनाचौकोनात बारीक आकडे, पानामागून पानं. मी घाबरलोच. पण बाबा खुशीत होते.

"बस, दाखवतो. एकपासून आकडे सलग लिहायचे, मध्ये जागा सोडायची नाही. एक दोन तीन करत नऊ, मग दहाचे एक-शून्य, मग अकराचे एक-एक. एक लांब माळ. आता कुठलीही संख्या घे. पाच घे. पाचाचा वर्ग?"

"पंचवीस."

"पंचवीसपर्यंत माळ लिही आणि तिच्यात पाच किती वेळा दिसतो ते मोज."

"पाच, पंधरा, पंचवीस. तीन."

"बरोबर. सहाला चार, सातला पाच, आठला सहा. आणि नवाला?"

"सात," मी म्हणालो.

"आठ!" मांडीवर थाप मारून हसले. "फसलास ना? नऊ, एकोणीस, एकोणतीस, मोजून बघ एकोणऐंशीपर्यंत. आणि दहाला फक्त दोन, दहा आणि शंभर. आणि लगेच पुढे अकराला एकदम पंधरा! आहे की नाही मजा?"

दोन वर्षं हा उद्योग चालला आहे. चाळीसपर्यंत आलेत, म्हणजे शेवटची माळ सोळाशेपर्यंत लिहिली. मी विचारलं, एकट्याने एवढं? तर म्हणाले, "एकटा कसला. श्रीरंजनीबाई वाचतात, मी खुणा करतो. मग उलट." या बाई रोज सकाळी पार्कमध्ये भेटतात. मी अजून पाहिलेल्या नाहीत.

आकड्यांच्या अशा मालिका जमवणारी एक साइट आहे. कुणीही पाठवावी, तिथले लोक तपासून घेतात. बाबांना ही पाठवायची आहे. म्हणाले, "तू एकदा कॉम्प्युटरवर ताडून दे. मग निर्धास्त पाठवतो."

दिवाळीत देतो म्हटलं. चौतीस वर्षं चेन्नईजवळच्या आवडी गावातल्या कारखान्यात रणगाड्याच्या भागांची मापं तपासण्यात गेली त्यांची. केसाएवढा फरक असला तरी माल परत पाठवायचे. तोच स्वभाव आता इकडे लागला असेल. यात खटकण्यासारखं काही नाही. लिहून ठेवलं इतकंच.

२ नोव्हेंबर, पाडवा

फराळाला श्रीरंजनीबाई होत्या. सत्तरीच्या, बारीक, कानांत कुड्या, केसांत जाईचा गजरा. तंजावरच्या जुन्या मराठी घराण्यातल्या. मुलींच्या शाळेत गणित शिकवायच्या. लग्न केलेलं नाही. दोन रस्ते पलीकडे राहतात. चांदीच्या डबीतून सुंठ-ओव्याचं काळं चाटण, लेहियम, घेऊन आल्या होत्या. "हें आधीं घ्या, मग फराळ. पोट बिघडत नाही." त्यांचं मराठी ऐकायला गंमत वाटते; मध्येच तमिळ, मध्येच बखरीतल्यासारखं. मी त्यांना मामी म्हणायला लागलो.

फराळ झाल्यावर बाबांनी यादी माझ्यापुढे ठेवली. मी लॅपटॉप उघडला आणि दहा मिनिटांत सहा ओळींचा प्रोग्राम लिहिला. माळ तयार करायची आणि मोजायला तयार सोय असते ती लावायची, फार काही नाही. चाळीसही उत्तरं क्षणात आली. सदतीस जुळली. तीन जुळेनात.

"बाबा, अकराला किती लिहिलंय?"

"पंधरा."

"बारा येतात."

"बारा कसे येतील?"

"बावीस आणि तेहेतीसही चुकलेत. तिन्ही ठिकाणी तुम्ही जास्त मोजलंय."

बाबांनी यादी ओढून घेतली, चष्मा वर केला. श्रीरंजनीबाई म्हणाल्या, "मीही मोजलें. मजही पंधराच मिळालें."

"मामी, डोळा दमतो माणसाचा. एकच आकडा दोनदा मोजला जातो. मशीन दमत नाही."

"सरि," त्या म्हणाल्या. ठीक आहे. "मग इतर सदतीस ठिकाणीं आमचा डोळा कसा दमला नाही?"

मी हसलो. कौमुदीने चहाचं विचारलं. बाबांनी अकराच्या ओळीवर बोट ठेवलं. मग "असेल," एवढंच म्हणाले आणि पेनाला टोपण लावलं.

वाईट वाटलं, पण चूक लपवण्यापेक्षा वेळीच सांगितलेली बरी. हे त्यांनीच शिकवलं आहे मला.

डॉक्टरांसाठी: सारखे आकडे एकापुढे एक आले (११, २२, ३३) की गोंधळतात, एकच आकडा दोनदा धरतात. बाकी ठिकाणी ठीक.

९ नोव्हेंबर

विम्याचे कागद शोधताना बाबांच्या कपाटात टी. नगरच्या दुकानाची पिशवी सापडली. आत निळसर सुती साडी, तपकिरी काठ. कोरी.

सहा वर्षं झाली आईला जाऊन.

मी पिशवी होती तशी ठेवून दिली. बाबांना विचारायचं धैर्य झालं नाही. घरी येताना गाडीत कौमुदीला सांगितलं. तिने माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाली, "तू विचारायला हवं होतंस." ती कौमुदी, तिला सगळं विचारता येतं. मला नाही आलं. आई आहे असं समजून चाललेत का, हे आपल्या वडिलांना कोणत्या शब्दांत विचारायचं?

२१ नोव्हेंबर

डॉक्टरकडे नेलं. तासभर तपासलं. घड्याळ काढायला लावलं, पाच शब्द लक्षात ठेवायला दिले, शंभरातून सात-सात वजा करायला सांगितलं. बाबा भराभर खाली आले. दोनवर पोचल्यावर विचारतात, "पुढे ऋणात जाऊ का?" डॉक्टर हसले. मला मात्र जाणवलं, कुठे थांबायचं ते कळलं नाही त्यांना.

डॉक्टर म्हणाले, वयाच्या मानाने उत्तम आहे, सहा महिन्यांनी दाखवा. मी वही पुढे केली. ती त्यांनी वरवर चाळली. "साहेब, सत्त्याहत्तराव्या वर्षी मला इतकं मोजता आलं तर मी पेढे वाटीन."

अशा बेफिकिरीनेच कौमुदीच्या आईची वेळ निघून गेली. दुसरं मत घेणार.

१४ डिसेंबर

दुसऱ्या डॉक्टरांनी वही नीट वाचली. फार खात्री देत नाहीत, पण रात्रीची एक गोळी देऊन पाहू म्हणाले.

संध्याकाळी बाबांचाच फोन. "संकेत, स्कूटरची किल्ली घेऊन जा. मी नाही चालवत आता."

"का? काही झालं का? पडलात का?"

"नाही रे. माझा मलाच भरवसा वाटत नाही."

मला हायसं वाटलं, खरं सांगतो. किल्ली कशी काढून घ्यायची याची आठवडाभर तालीम करत होतो. त्यांनी आपणहून दिली. पार्कात जाणंही बंद केलंय. पंधरा दिवस झाले म्हणे. "काय तोंड घेऊन जाऊ?" म्हणाले. मी म्हटलं, थंडीत नाही गेलात ते बरंच. चेन्नईत कसली आलीय थंडी, पण ते हो म्हणाले.

५ जानेवारी

ठरलं. बाबा आमच्याकडे येणार, अण्णा नगरचं घर विकायचं. दोन घरं सांभाळणं जमत नाही, आणि गॅस चालू राहिला, दार उघडं राहिलं, तर? खालच्या मजल्यावरच्यांनाच घर हवं आहे. बाबांनी दिसेल तिथे सह्या केल्या. एकही कागद वाचला नाही. जो माणूस दुधाचं बिल उलटसुलट तपासायचा.

१९ जानेवारी

सामान बांधलं. आईची भांडी आम्ही घेतली. आलेखाच्या वह्यांचा गठ्ठा, सव्वीस वह्या, बाबांनी स्वतः जिन्याखाली नेऊन रद्दीवाल्याकडे दिला. मी म्हटलं, राहू दे, जागा आहे. "चुकीचा माल ठेवायचा नसतो," म्हणाले.

मनात आलं, सुटले एकदाचे त्यातून.

साडीची पिशवी कुठे दिसली नाही. कुठे ठेवली ते विसरले असतील. मी विषय काढला नाही.

निघताना फाटकाशी थांबून त्यांनी रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पाहिलं. कुणी येणार होतं का? विचारलं, तर गाडीत बसले.

१६ फेब्रुवारी

चौदावा मजला. गॅलरीतून खाडीचं पाणी दिसतं, वारा छान येतो. बाबा दुपारी झोपतात, संध्याकाळीही झोपतात. गोळीने तसं होतं म्हणे. फोन वाजला तरी घेत नाहीत. बहुतेक वेळा श्रीरंजनीबाईच असतात. एकटे खाली उतरले तर मला कळवायचं असं फाटकावर सांगून ठेवलं आहे. आजवर एकदाही कळवावं लागलेलं नाही.

९ मार्च

दुपारी फाटकावरून फोन, कुणी बाई आल्यात. खाली गेलो. श्रीरंजनीबाई! दोन बस बदलून, उन्हातून. निळसर सुती साडी घामाने चिकटलेली, तिचा तपकिरी काठ धुळीने भरलेला. त्यांना खालच्याच लॉबीतल्या सोफ्यावर बसवलं, पाणी दिलं.

"वसंतराव बरे आहेत ना?"

"विश्रांती घेताहेत. औषधं चालू आहेत."

"कसलीं औषधें?"

मी थोडक्यात सांगितलं. त्या ऐकत होत्या, मग पिशवीतून एक कागद काढला. "हें पहा. अकराचें मी पुन्हां मोजलें. बोट ठेवून ठेवून मोजलें. येथें दहा, अकरा, बारा. आतां तुम्हीच बोट ठेवा."

"मामी, आता ते नको. आकड्यांचा विषय निघाला की त्यांना त्रास होतो."

"त्यांस नका दाखवूं. तुम्ही पहा."

मला चारला मीटिंग होती. म्हटलं, पाहतो नंतर. त्यांनी माझ्याकडे क्षणभर पाहिलं, कागदाची घडी केली आणि परत पिशवीत ठेवली. "पोदुम्," म्हणाल्या. पुरे. उठताना म्हणाल्या, "मी आलें होतें एवढें त्यांस सांगा."

ऑटो बोलावून दिली. वर आलो तर बाबा जागेच होते, गॅलरीत बसलेले. सांगितलं नाही. उगाच मन हलेल त्यांचं.

६ एप्रिल

बाबांना इथल्या जवळच्या कोवलमला, समुद्रावर नेलं. बोटी किनाऱ्यावर ओढलेल्या, जाळी वाळत टाकलेली, लिलाव संपत आलेला. प्रत्येक बोटीच्या अंगावर मोठा नंबर रंगवलेला असतो. पूर्वी मी लहान असताना असे नंबर दिसले की बाबा थांबवायचे. हा कशाने भागतो, उलटा वाचला तर काय, याच्यात कोण लपलंय. शाळेच्या बसचा नंबर, तिकिटाचा नंबर, काहीही. मला कंटाळा यायचा.

आज मीच म्हटलं, "बाबा, त्या हिरव्या बोटीचा नंबर बघा, दोन्हीकडून सारखाच."

त्यांनी मान फिरवून समुद्राकडे केली.

येताना गाडीत झोपले.

२७ मे

आजच लिहायला हवं.

ऑफिसात चंद्रिका माझं काम तपासत होती. ती आमच्या टीममधली सगळ्यात काटेकोर तपासणारी. एका ओळीवर थांबली. "संकेत, इथे ही तयार सोय चालणार नाही. ती एकदा मोजलेला आकडा पुन्हा वापरत नाही. '१' हा आकडा चारदा सलग आला आणि त्यात अकरा किती वेळा म्हणून विचारलं, तर ती दोन सांगते."

"दोनच आहेत की."

"तीन आहेत. पहिला-दुसरा, दुसरा-तिसरा, तिसरा-चौथा."

मग पाणी प्यायला म्हणून उठलो आणि जिन्यात जाऊन बसलो. खिशातल्या पावतीच्या मागे लिहिलं: दहा, अकरा, बारा. १ ० १ १ १ २. सलग तीन एक. त्यात अकरा दोनदा दिसतो. एकदा स्वतःच्या जागी आणि एकदा त्याच्या शेवटच्या एकात आणि बाराच्या पहिल्या एकात. माझ्या प्रोग्रामने एकदाच धरला. पुढे एकशे अकरा, एकशे बारा. सलग पाच एक. चार वेळा दिसतो, त्याने दोनदा धरला. एक आणि दोन, तीन कमी.

बारा आणि तीन पंधरा.

बावीसला तेच. तेहेतीसला तेच. म्हणून फक्त तिथेच चुकत होतं. माझं. आणि मी वहीत लिहून ठेवलं होतं, सारखे आकडे आले की गोंधळतात. मागे जाऊन ते वाक्य वाचलं. अक्षर किती नेटकं आहे माझं.

२८ मे

सांगितलं नाही. जेवताना तीनदा तोंड उघडलं. त्यांनी विचारलं, "मीठ हवंय का?"

१ जून

आज सांगितलं. कौमुदी बाजारात गेली होती. बाबा गॅलरीत पेपरच्या घड्या घालत होते. मी समोर स्टुलावर बसलो आणि सगळं ओळीने सांगितलं. प्रोग्राम, चंद्रिका, सलग एक, सगळं.

त्यांनी घड्या घालणं थांबवलं नाही.

"म्हणजे पंधरा?"

"पंधरा. तुमचं तिन्ही ठिकाणी बरोबर होतं. मी चुकलो."

खाली शाळेची मैदानं, त्यापलीकडे खाडी, सगळं उन्हात पांढरं झालेलं. मग म्हणाले, "पाडव्यानंतर मी पुन्हा मोजलं होतं. तू गेल्यावर. रोज मोजायचो."

"मग?"

"दरवेळी पंधराच यायचे. म्हणून तर घाबरलो."

मला कळलं नाही.

"अरे, चूक एकदा झाली तर ती हाताची. पण तुला खात्रीने बारा येतात आणि मला दरवेळी पंधराच दिसतात, बोट ठेवून बघितलं तरी पंधराच, म्हणजे काय? म्हटलं, गेलं. हे डोकं आता आपलं राहिलं नाही. माझा मुलगा मला उगाच कशाला चूक म्हणेल?"

मी त्यांचे पाय धरले असते, पण आमच्याकडे ती सवय नाही. मग ते म्हणाले, "त्या दिवशी तू एकदा तरी माझ्याबरोबर मोजायला हवं होतंस. अकराला काही फार वेळ लागत नाही. एकशे एकवीसपर्यंतच तर माळ."

आवाज चढलेला नव्हता. तो चढला असता तर बरं झालं असतं.

श्रीरंजनीबाई मार्चमध्ये येऊन गेल्या, तेही सांगितलं. तेव्हा मात्र ते उठून आत गेले. दार लावून घेतलं.

४ जून

पहिल्या डॉक्टरांकडे नेलं. गोळी बंद करायला सांगितली. पुन्हा तीच तपासणी. या वेळी पाचातले दोन शब्द आठवले नाहीत. शंभरातून सात वजा करताना अठ्ठावन्नला अडले. डॉक्टर म्हणाले, गोळीचाही परिणाम असेल, घर सुटलं, माणसं सुटली त्याचाही असेल, किंवा आता खरंच सुरुवात झाली असेल. आज सांगता येणार नाही. "नोव्हेंबरमध्ये मात्र काही नव्हतं," म्हणाले, आणि माझी वही परत दिली.

८ जून

अण्णा नगरला गेलो. श्रीरंजनीबाईंचं घर बंद. शेजारणीने सांगितलं, एप्रिलमध्ये पडल्या, मांडीचं हाड मोडलं. भाचा येऊन तंजावरला घेऊन गेला. नंबर मिळाला.

आमच्या जुन्या घरावरून गेलो. नव्या लोकांनी रंग दिलाय.

गाडीतूनच फोन लावला. त्यांना कमी ऐकू येतं, मोठ्याने सांगावं लागलं. मी चुकलो हे रस्त्याच्या कडेला गाडी उभी करून तीनदा ओरडून सांगितलं. पलीकडून शांतपणे उत्तर आलं, "मज ठाऊकच होतें हो. त्यांस ठाऊक नव्हतें, तेंच वाईट जालें."

मी माफी मागितली. खालूनच परत पाठवल्याचीही. त्या म्हणाल्या, "तुम्ही पाणी दिलेंत. उन्हांतून आलें होतें." मग विचारलं, "ते बोलतील का मजशीं?"

जालें. मजशीं. बाबांची भाषा बिघडत चालल्याचं मी ऑक्टोबरमध्ये पहिल्याच पानावर लिहिलं आहे.

आणि मार्चमध्ये त्या कुठली साडी नेसून आल्या होत्या, तेही आज आठवलं. कौमुदीला सांगितलं. ती म्हणाली, "मला नोव्हेंबरातच वाटलं होतं. तू ऐकून घेतलं असतंस?" नसतं घेतलं.

घरी आल्यावर फोन लावून बाबांच्या हातात दिला. त्यांनी तो कानाला लावला. पलीकडून "वसंतराव? वसंतराव?" ऐकू येत होतं, मलासुद्धा. बाबांनी फोन कानावरून खाली घेतला. फोन माझ्याकडे देऊन म्हणाले, "चार-पाच महिने उचलला नाही मी त्यांचा. आता काय बोलू?"

मी बाईंना सांगितलं, बाबा नंतर बोलतील. त्या म्हणाल्या, "सरि."

१५ जून

नवा प्रोग्राम लिहून शंभरपर्यंतची उत्तरं काढली, छापली, वर दोघांची नावं घातली. बाईंचं आधी. बाबांपुढे ठेवली. म्हटलं, आजच साइटवर पाठवू.

त्यांनी पान वरून खालपर्यंत पाहिलं. अकरावर बोट थांबलं, पुढे सरकलं.

"ही तुझ्या मशीनची आहे," म्हणाले. "आमची रद्दीत गेली."

मी म्हटलं, आकडे तर तेच आहेत. ते म्हणाले, "तेच आहेत." आणि कागद परत दिला.

पाठवली नाही.

२२ जून

तंजावरला जाऊ या म्हटलं, गाडीने. हो म्हणाले. तारीख विचारली तर, "त्यांना चालता येऊ दे. अशा अवस्थेत कुणाला भेटलेलं त्यांना आवडणार नाही." कोणाच्या अवस्थेबद्दल बोलत होते, कोण जाणे.

२९ जून

गोळी बंद केल्यापासून दुपारची झोप कमी झाली आहे. फाटकावरच्या माणसालाही मी सांगून टाकलं, काही कळवू नका. परवा एकटेच खाली उतरून अर्धा तास फिरून आले.

आज सकाळी चहा घेताना म्हणाले, "अकराचं काय निघालं रे?"

या महिन्यात चौथ्यांदा. आता सवय झाली आहे.

"पंधरा, बाबा. तुमचं बरोबर होतं."

"आणि बावीसला?"

"तेही बरोबर होतं."

"तेहेतीसला?"

"तेही."

"मग चुकलं कुणाचं?"

"माझं."

मान हलवली, बशीत चहा ओतला, फुंकर मारून प्यायले. चेहऱ्यावरून काही कळत नाही. तो आधी मला कळत होता असंही नाही.

कौमुदी म्हणते, हे डॉक्टरांना सांगायला हवं. विसरतात म्हणून विचारतात, की ऐकायला बरं वाटतं म्हणून, हे मला ठरवता येत नाही. तपासून पाहायला सोपं आहे. उद्या विचारलं की मुद्दाम बारा म्हणायचं आणि काय म्हणतात ते बघायचं.

मी म्हणणार नाही.